स्पर्धा परीक्षा सोडायची की चालू ठेवायची? निर्णय कोणत्या क्रमाने घ्यायचा

निकाल संध्याकाळी लागतो. रात्री टपरीवर चहा घेता घेता ठरतं, ‘बस झालं आता’. सकाळी बॅग भरलेली असते. पाच-सहा महिन्यांनी नवी जाहिरात येते आणि तोच मुलगा पुण्यातल्या त्याच पेठेत, भाड्याच्या खोलीतल्या नव्या कॉटचं डिपॉझिट भरून परत आलेला असतो. दुसरीकडे अशीही मुलं-मुली आहेत ज्यांनी थांबायचं कधी हे ठरवलेलंच नसतं. ‘अजून एक अटेम्प्ट’ म्हणता म्हणता त्यांचं वय निघून जातं.

मी सहा वर्षं पुण्यात राज्यसेवेची, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारी पदांच्या परीक्षेची, तयारी केली आणि ती दोनदा सोडली. पहिल्यांदा निकालाच्या रात्रीच घरी फोन केला, स्वारगेटवरून एसटी पकडली आणि चार महिन्यांत परत आलो. दुसऱ्यांदा सोडायला अडीच महिने घेतले आणि तेव्हा खरंच सुटलं. दोन्ही वेळा माझे गुण जवळपास सारखेच होते. पहिल्यांदा मी आधी सांगून मोकळा झालो आणि विचार नंतर केला, दुसऱ्यांदा सांगणं सहाव्या टप्प्यावर ठेवलं. तो क्रम इथे देतोय. याच क्रमाने गेल्यावर तुमचा निर्णय ‘राहायचं’ असाही येऊ शकतो. माझ्या रूममेटचा तसाच आला आणि त्याचं राहणं बरोबर होतं.

## तयारी: पंधरा दिवस काहीच ठरवायचं नाही

निकालानंतर पंधरा दिवस कोणताही निर्णय घ्यायचा नाही. या दिवसांत पुस्तकं विकू नका, अभ्यासिकेतली जागा सोडू नका, स्टेटस टाकू नका, पुढच्या बॅचची फीही भरू नका. पराभवाच्या आठवड्यात सोडण्याचा निर्णय जेवढा चुकतो, तेवढाच ‘आता पेटून उठायचं’ हा निर्णयही चुकतो. दुसऱ्या दिवशी पहाटे चारचा गजर लावून बसणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि महिन्याभरात त्यांचं टेबल रिकामं झालेलंही पाहिलं आहे.

झोप पूर्ण करा, दोन वेळचं जेवा. जमलं तर चार दिवस गावी जा, पण तिथे घोषणा करू नका. ‘निकाल नाही आला, पुढचं बघतोय’ एवढंच सांगा.

या काळात तीन गोष्टी गोळा करायच्या: आजवरच्या प्रत्येक परीक्षेचे तुमचे गुण आणि त्या वर्षीचा तुमच्या प्रवर्गाचा कटऑफ, गेल्या दोन वर्षांचं बँकेचं स्टेटमेंट, आणि एक दोनशे पानी वही. मोबाइलमधल्या नोट्स नकोत, वहीच हवी. तिचा उपयोग चौथ्या टप्प्यावर कळेल.

सावधान: पंधरा दिवसांनीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर ही वही बाजूला ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो मोफत आहे. आधी तिथे बोला, एखाद्या मित्राला सोबत बसवून बोला. बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल.

## टप्पा १: गुणांची वही

चार रकाने आखा: वर्ष, माझे गुण, कटऑफ, अंतर. प्रत्येक परीक्षेसाठी वेगळं पान. राज्यसेवा पूर्व आणि संयुक्त पूर्व (गट ब आणि गट क पदांची) एका पानावर मिसळू नका.

आता फक्त शेवटचा रकाना वाचा. माझा असा होता: ३१ ने कमी, १४ ने कमी, ६ ने कमी, ९ ने कमी, ८ ने कमी. पहिली तीन वर्षं अंतर घटत होतं, पुढची दोन वर्षं जागेवर थांबलं होतं. अंतर सलग घटत असेल तर तुमची पद्धत काम करतेय, तिला अजून वेळ द्यायला हरकत नाही. दोन प्रयत्न ते एकाच जागी अडकलं असेल तर त्याच पुस्तकांची आणखी एक रिव्हिजन काही बदलणार नाही. आणि अंतर एका वर्षी ५, पुढच्या वर्षी २५ असं उड्या मारत असेल, तर अडचण बहुधा पेपर सोडवण्याच्या पद्धतीत आहे, वाचनात नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतले २५ टक्के, म्हणजे अर्धा गुण जातो. म्हणून चुकलेला एक प्रश्न बरोबर आला असता तर अडीच गुणांचा फरक पडला असता. आठ गुण म्हणजे जेमतेम तीन-चार प्रश्न. ‘फक्त चार प्रश्नांनी गेलं रे’ हे वाक्य मी दोन वर्षं उराशी धरून बसलो होतो. त्या चार प्रश्नांच्या पट्ट्यात माझ्यासारखे हजारो जण होते आणि प्रत्येक जण हेच म्हणत होता. अंतर छोटं आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ते दरवर्षी कोणत्या कारणाने उरतंय हे शोधा.

त्यासाठी शेवटचा पेपर आणि उत्तरतालिका समोर घ्या, चुकलेले सगळे प्रश्न तीन गटांत टाका:

१. वाचलंच नव्हतं.
२. वाचलं होतं, पण दोन पर्यायांत अडकलो.
३. येत होतं, घाईत चुकलं.

दुसरा गट सगळ्यात मोठा निघाला तर आणखी वाचून उपयोग नाही, सराव पेपर सोडवण्यावर भर हवा. तिसरा गट मोठा असेल तर ‘सिली मिस्टेक’ म्हणून तो झटकून टाकू नका. दोन वर्षं सलग त्याच प्रकारची चूक होत असेल तर तिला सिली म्हणता येत नाही.

तपासा: मुख्य परीक्षेचे जुने गुण या हिशेबात धरू नका. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे: नऊ पेपर, त्यातले दोन भाषेचे फक्त पात्रतेपुरते, बाकी सात मिळून १७५० गुण आणि मुलाखत २७५. आधीच्या बहुपर्यायी मुख्य परीक्षेत ८०० पैकी किती पडले होते यावरून पुढचा अंदाज बांधता येत नाही. तुम्हाला तीन तास सलग लिहिता येतं का, हे घरी घड्याळ लावून चार पेपर लिहिल्याशिवाय कळणार नाही. ते लिहा, कुणाकडून तरी तपासून घ्या आणि मगच मुख्य परीक्षेचं पान भरा.

## टप्पा २: पैशाची वही

महिन्याचा खर्च सगळ्यांना तोंडपाठ असतो. माझ्या शेवटच्या वर्षी कॉट ३,०००, मेस ३,२००, अभ्यासिका १,२००, आणि चहा-झेरॉक्स-टेस्ट सिरीज-फॉर्म मिळून दोन हजारांच्या आसपास. तो मांडायला पाच मिनिटं लागतात. अवघड भाग पुढचा: हे पैसे घरात कुठून येतात ते लिहायचं.

स्टेटमेंट घेऊन बसलो तेव्हा मला तारखा दिसल्या. आप्पांचे, म्हणजे वडिलांचे, पैसे दर महिन्याला ३, १३ आणि २३ च्या आसपास जमा होत होते. कधी अकराशे, कधी दोन हजार, एकदा साडेआठशे. आमच्याकडे डेअरीचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो. म्हणजे सहा वर्षं प्रत्येक पगारातून पहिला हिस्सा माझा निघत होता आणि उरलेल्यात पेंड, औषधं आणि घर चालत होतं. साडेआठशे आले होते तो महिना गाय आटल्याचा होता. आईने फोनवर ते सांगितलंही होतं. मी ‘बरं’ म्हणून विषय बदलला होता.

हे मी स्वतःला अपराधी वाटून घ्यायला लिहून काढलं नाही, तुम्हीही त्यासाठी लिहू नका. तीन प्रश्नांची आकड्यांत उत्तरं हवीत म्हणून लिहा. घर आणखी किती महिने हे झेपवू शकतं, काही गहाण न टाकता? माझ्यासाठी घरातलं कुणाचं काय थांबलंय: बहिणीचं शिक्षण, विहिरीचं काम, आईचं ऑपरेशन? आणि मी इथेच राहून महिन्याला किती कमवू शकतो?

सावधान: घरच्यांना ‘झेपतंय ना?’ असं विचारून हे उत्तर मिळत नाही. ते ‘हो’च म्हणतात. स्टेटमेंट बघा, धाकट्या भावंडाला विचारा.

## टप्पा ३: कोणतं दार कधी बंद होतं

राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. तिशीतला मुलगा हा आकडा बघतो आणि निवांत होतो. पण हे एकच दार उशिरापर्यंत उघडं असतं. बाकीची त्याआधी एकेक करून बंद होतात. खुल्या प्रवर्गासाठी पाहा:

- पोलिस शिपाई: २८
- बँक क्लार्क, आयबीपीएस या बँक भरतीच्या संस्थेमार्फत: २८
- बँक पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर): ३०
- पोलिस उपनिरीक्षक: ३१
- यूपीएससी नागरी सेवा: ३२, आणि प्रयत्न सहाच

राखीव प्रवर्गांना सवलत असते आणि ती प्रत्येक परीक्षेत वेगळी असते. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे त्या-त्या जाहिरातीत दिलेलं असतं, ते वाचा. कधी सरकार एकवेळची सवलत देतं, पण ती गृहीत धरून हिशेब करू नका.

वहीत आपल्या जन्मतारखेवरून प्रत्येक दार बंद होण्याचा महिना आणि वर्ष लिहा. मी हे केलं तेव्हा माझं वय २९ वर्षं ४ महिने होतं. क्लार्कचं दार माझ्या नकळत बंद झालेलं होतं, पीओचं आठ महिन्यांत होणार होतं. मी राज्यसेवेच्या अभ्यासिकेत बसून हे गमावत होतो आणि मला वाटत होतं माझ्याकडे अजून आठ-नऊ वर्षं आहेत.

खाजगी नोकरीला असा आकडा नसतो, पण पदवीनंतरचं अंतर जितकं वाढतं तितकी सुरुवात खालून करावी लागते. तेही मोजणीत धरा.

जागा किती आणि अर्ज किती हेही एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या थोड्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या पुढे. ‘राज्यसेवा नाही तर तलाठी तरी होईन’ यातला ‘तरी’ काढून टाका. ती स्वतंत्र, तेवढीच अवघड परीक्षा आहे.

## टप्पा ४: थांबण्याची रेघ

पहिल्या तीन टप्प्यांचे आकडे समोर ठेवून आता वहीच्या शेवटच्या पानावर रेघ लिहायची. ती निकालाआधी लिहायची असते. निकालानंतर लिहिलेली रेघ मनासारखी सरकते. आत्ताचा निकाल लागून गेलाय, तेव्हा ही रेघ पुढच्या प्रयत्नासाठी. मात्र घर आता झेपवू शकत नाही असं दुसऱ्या टप्प्यातच दिसलं असेल, तर ‘रेघ ओलांडून झाली’ असं लिहा आणि पुढे चला.

रेघेत तीन गोष्टी हव्यात: तारीख, गुण आणि त्यानंतरची कृती. मी पहिल्यांदा सोडून परत आल्यावर लिहिलं होतं, ‘पुढच्या पूर्व परीक्षेत नाही झालं तर सोडेन.’ हे वाक्य कच्चं आहे. परीक्षा पुढे जाऊ शकते. ५ एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्व करोनामुळे आणि नंतरच्या कारणांनी सरकत सरकत २१ मार्च २०२१ ला झाली. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षा आल्याने पुढे ढकलली गेली आणि १ डिसेंबरला झाली. ‘पुढची परीक्षा’ अशी रेघ आखली तर परीक्षेबरोबर रेघही वर्षभर सरकते.

चांगली रेघ अशी: ‘३१ डिसेंबरपर्यंत पूर्व परीक्षेचा कटऑफ पार झाला नाही, किंवा तोपर्यंत परीक्षाच झाली नाही, तर १ जानेवारीपासून मी पूर्ण वेळ अभ्यास बंद करून काम शोधेन.’

खाली सही करा. त्या पानाचा फोटो अशा एका माणसाला पाठवा जो तुमच्यावर माया करतो पण तुमची समजूत काढत बसत नाही. मी रूममेटला दिला, त्याने त्याचा मला दिला.

## टप्पा ५: दुसरी वाट आधी चालून बघा

सोडल्यावर काय, याचं उत्तर ‘बघू’ असेल तर तुम्ही परत येणार. मी पहिल्यांदा तसाच परत आलो.

दोन वाटा निवडा, तीन नकोत. प्रत्येक वाटेवर आज काम करणाऱ्या तीन जणांना प्रत्यक्ष भेटा. विचारायचं ते हे: पहिल्या वर्षी हातात किती पडत होते? दिवस किती वाजता संपतो? माझ्या वयाचा माणूस नवा घेतात का? सगळ्यात त्रासाचा भाग कोणता? मग जमेल त्या वाटेवर दोन-तीन आठवडे बिनपगारी का होईना, काम करून बघा.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत तीन आठवडे बसलो. कर्जाचे कागद तपासणं, थकबाकीदाराला नोटीस लिहिणं. कायद्याचं कलम वाचून साध्या मराठीत पत्र लिहिता येणं ही आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट तिथे कामाची ठरली. वकिलीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, बी.एड., आपले सरकार सेवा केंद्र, विमा, घरची शेती आणि सोबत काही, अशा वाटांवर माझ्या ओळखीचे लोक नीट उभे राहिले आहेत.

सावधान: क्लासमध्ये शिकवणं ही हाताशी असलेली सगळ्यात सोपी वाट. शिकवण्याची खरी आवड असेल तर जरूर जा. पण पेठ सोडवत नाही म्हणून तिकडे वळत असाल तर वर्षभराने तुम्ही तिथेच असाल, तासाच्या हिशेबावर, आणि दर निकालाला जखम पुन्हा ओली होईल.

राहायचं ठरलं तर: एक गोष्ट ठळक बदला. माझ्या रूममेटचं अंतर सलग घटत होतं आणि घरी थोरला भाऊ कमावता होता. त्याने राहायचं ठरवलं, पण सकाळी चार तास एका दुकानाचे हिशेब लिहायला लागला आणि घरून पैसे घेणं बंद केलं. अभ्यासाचे तास कमी झाले, पण उरलेल्या तासांत तो मोबाइल बाहेर ठेवून बसायचा. जुन्याच खुर्चीत, जुन्याच वेळापत्रकाने राहणं म्हणजे निर्णय टाळणं.

## टप्पा ६: घरी सांगणं

आता सांगायचं. प्रत्यक्ष, फोनवर नाही. सणाच्या दिवशी नाही, पाहुण्यांसमोर नाही. आणि तीन गोष्टी हातात घेऊन: किती प्रयत्न केले, का थांबतोय, येत्या पंधरा दिवसांत काय करणार. सगळं पाच वाक्यांत बसलं पाहिजे.

मी संध्याकाळी गोठ्यात सांगितलं. आप्पा धार काढत होते. ‘आप्पा, मी आता थांबतोय. पतसंस्थेत बोलून आलोय, एक तारखेपासून यायला सांगितलंय. बारा हजार देतील.’ त्यांनी हात थांबवला नाही. बराच वेळ चरवीत धारेचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, ‘मागच्या वेळेला फोनवर सांगितलं होतंस. तेव्हाच मला ठाऊक होतं, तू परत जाणार.’ आणि थोड्या वेळाने, ‘चरवी धर.’

घरचे रागावले, रडले किंवा ‘अजून एकदा बघ’ म्हणाले, तर त्याच दिवशी वाद घालू नका. वही दाखवा. माझ्या आईने दोन दिवस ती उशाशी ठेवली होती.

गावातल्यांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवा. ‘काय साहेब, कधी लागताय?’ यावर माझं उत्तर होतं, ‘काका, परीक्षा थांबवली, पतसंस्थेत लागलोय.’ पुढे खुलासा नाही. आठ-दहा जणांना सांगून झालं की बातमी आपोआप पोचते.

## टप्पा ७: पुण्यातून निघणं

एक महिना आधी मालकाला कळवा, डिपॉझिट परत करण्याची तारीख लेखी घ्या. मेसचा हिशेब मिटवा. अभ्यासिकेतली जागा स्वतः जाऊन सोडा, मित्राच्या नावावर करू नका. पुस्तकं ज्युनिअरला द्या; राज्यघटना, शब्दकोश आणि स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्सची एक वही ठेवा. मूळ गुणपत्रकं, अधिवास आणि जातीची कागदपत्रं, जुनी हॉल तिकिटं एका फाइलमध्ये लावा. पुढे प्रवेश घेताना शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र मागतात, तेव्हा ही फाइल लागते.

टेलिग्रामचे सगळे ग्रुप सोडा. म्यूट करून चालत नाही.

सावधान: ‘असू दे कॉट दोन महिने’ म्हणून भाडं भरत राहू नका. मी पहिल्यांदा हेच केलं होतं आणि परत यायला तेवढंच निमित्त पुरलं.

## टप्पा ८: पहिले सहा महिने

साधारण तिसऱ्या महिन्यात नवी जाहिरात येते. त्याच सुमारास कुणा मित्राचं नाव यादीत लागतं. हे दोन्ही होणार असं धरूनच चला. जाहिरात आली की वहीचं शेवटचं पान काढा आणि फॉर्म भरण्याआधी एक रात्र जाऊ द्या. नोकरी सांभाळून एखादी परीक्षा द्यायची असेल तर द्या, पण कोणती ते आधी लिहा आणि रजा किती घेणार तेही लिहा. मित्राला फोन करून अभिनंदन करा, त्याच दिवशी करा. चार दिवस टाळलं की मग करवतच नाही.

मुलाखतीत ‘मधली वर्षं काय केलं?’ हा प्रश्न येतोच. खरं सांगा, एका वाक्यात: सहा वर्षं स्पर्धा परीक्षेची पूर्ण वेळ तयारी केली, आता थांबवली आहे. लगेच पुढच्या वाक्यात त्या कामाला उपयोगी काय येतं ते सांगा. वर्षं लपवायला खोटा अनुभव लिहू नका, कागद मागतात.

नव्वदाव्या दिवशी वहीत चार नोंदी करा: महिन्याला हातात किती येतात, घरी किती देतो, झोप कशी आहे, आणि नव्या कामातली कोणती गोष्ट आता न विचारता जमते. माझ्या त्या पानावर शेवटची नोंद आहे, ‘जप्तीपूर्व नोटीस, स्वतः’. सहाव्या महिन्यात हेच चार पुन्हा लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. चारपैकी तीन नोंदी जागच्या जागी असतील तर काम बदला, टप्पा पाचपासून. पेठेत परत जायचा विचार त्या रात्री आला, तर ज्याच्याकडे पानाचा फोटो आहे त्याला आधी फोन लावा.